सरांना विचारायचे कसे?

आमचा धाकटा अकरा वर्षांचा. आठवड्यातून तीन संध्याकाळी वस्तीमागच्या मैदानावर फुटबॉलच्या सरावाला जातो. गेले वर्षभर प्रत्येक सामन्यात तो गोलकी. बाकीची पोरे आलटून पालटून पुढे खेळतात, हा आपला दोन खांबांमध्ये उभा. एका रविवारी संघाने चार गोल खाल्ले, तेव्हा कोणा पोराचे वडील बाहेरून ओरडले, "त्या गोलकीला काढा रे!" ते आमच्या जिव्हारी लागले.

वाचकहो, अशा वेळी आमच्या पिढीच्या मनात पहिला विचार कोणता येतो, हे तुम्हाला सांगायला नको. पळवणकर बाळू पुण्याला इंग्रजांच्या क्लबात नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करीत, बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी देत नसे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाच्या कर्णधारपदी त्यांची निवड कधी झाली नाही. ते पद १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळाले. हे वाचलेल्या माणसाला वाटणारच, की नको ती जागा नेमकी आपल्याच पोराला का?

आम्ही तिथल्या तिथे सरांना जाब विचारायला निघालो होतो. घरच्या मंडळींनी सदरा धरला. म्हणाल्या, "पोरांसमोर नको. हरल्यावर तर मुळीच नको. आणि त्याला कुठं खेळायचंय, ते आधी त्याला तरी विचारा." वर्षभरात ते आम्ही विचारलेच नव्हते.

पोराने सरळ उत्तर दिले नाही. "मला चालतं गोलात," एवढेच बोलला.

बुधवारी कामावरून परस्पर मैदानावर गेलो. सराव संपला होता, पोरे जाळी गुंडाळत होती. सर तरुण, पंचविशीचे. "बसा ना काका," म्हणाले. आम्ही मनाशी पक्के करून गेलो होतो, की 'त्याला पुढे का खेळवत नाही' असे म्हणायचे नाही, 'त्याने अजून काय शिकावे' असे विचारायचे. तोंडातून मात्र भलतेच निघाले. "सर, गोलात आमचाच पोरगा का?"

सर रागावले नाहीत. "काका, पहिल्या दिवशी तोच म्हणाला, मी गोलात राहतो. पायात कॅनव्हासचे बूट. या मुरमावर पळताना घसरायचा, दोनदा पडलाही. गोलात कमी पळावं लागतं ना." थोडे थांबून म्हणाले, "हात चांगले आहेत त्याचे, म्हणून मीही पुढं काही विचारलं नाही. ते माझं चुकलं. या वयात सगळ्यांना सगळ्या जागा मिळायला हव्यात."

आम्हाला बोलायला सुचेना. बूट मागितले तर घरात ओढाताण होईल, हे त्या पोराने मनातल्या मनात ठरवून टाकले होते, आणि आम्ही सरांच्या जातीचा अंदाज बांधत बसलो होतो. (संशय दर वेळी खोटाच ठरतो असे आमचे म्हणणे नाही. अनुभव तुम्हालाही आहेत.)

मग सरांनीच १९६२ च्या जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेची गोष्ट काढली. जर्नेलसिंग हे भारताचे भक्कम बॅक. स्पर्धेत त्यांच्या डोक्याला मार लागून टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी उपांत्य आणि अंतिम सामन्यात त्यांना सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध एक गोल पी. के. बॅनर्जींनी केला, दुसरा या टाके घातलेल्या बॅकने. २-१ ने सुवर्णपदक! शेजारी उभा राहून आमचा पोरगा हे सगळे कान देऊन ऐकत होता.

ठरले ते असे, की अर्धा सामना गोलात, अर्धा बाहेर. बूट नवे नाहीत. शेजारच्या ताईंच्या थोरल्याला लहान झालेले आणले, पुढे कापूस कोंबला.

गेल्या रविवारी उत्तरार्धात तो राईट बॅकला खेळला. एक चेंडू त्याच्या पायाखालून निसटला आणि गोल झाला. परतताना गुडघा फुटलेला, अंगभर माती, आणि आम्हालाच सांगत होता, "आपल्या गोलकीनं अडवायला पाहिजे होता तो."