फिरत्या फोनची नोंदवही कोणाच्या हाती?

२ जुलै २०२२ रोजी पहाटे जपानमधील 'केडीडीआय' या बड्या दूरसंचार कंपनीचे अभियंते एका रूटरच्या बदलाचे नित्याचे काम करीत होते. मार्गनिश्चितीच्या मांडणीत चूक झाली आणि काही काळ आवाजी संभाषणाची वाहतूक खंडित झाली. चूक ध्यानात येताच अभियंत्यांनी जुनी व्यवस्था पूर्ववत केली. एवढ्यावर प्रकरण मिटावयास हवे होते. प्रत्यक्षात ते सुमारे ६१ तास चालले आणि तीन कोटींहून अधिक ग्राहकांना त्याची झळ पोहोचली. फोन तर बंद पडलेच, शिवाय काही बँकांची एटीएम, मालवाहतूक कंपन्यांची कामे आणि हवामानाच्या नोंदींचे संकलन यांतही व्यत्यय आला.

रूटर दुरुस्त झाल्यावरही जाळे का सावरले नाही, हा या घटनेतील खरा प्रश्न आहे. टॉवर शाबूत होते, तारा शाबूत होत्या, ग्राहकांच्या हातातील फोनही शाबूत होते. कोलमडली होती ती फोन कोठे आहेत याची नोंद ठेवणारी यंत्रणा. संपर्क तुटलेला प्रत्येक फोन 'मी येथे आहे' असे सांगू लागला. उत्तर न मिळाल्याने पुन्हा पुन्हा सांगू लागला. कोट्यवधी नोंदी एकाच वेळी दाराशी येऊन थडकल्या आणि नोंदवही सांभाळणारे संगणक त्या भाराखाली गुदमरले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. बँकेबद्दल अफवा उठताच प्रत्येक ठेवीदार आपल्यापुरता शहाणपणाने वागून खिडकीकडे धाव घेतो, आणि त्या सर्वांच्या शहाणपणाच्या बेरजेने धडधाकट बँकही बुडते. त्यातलाच हा प्रकार होय.

दूरसंचाराची जाळी आज झपाट्याने एका नव्या रचनेकडे जात आहेत. तिला सॉफ्टवेअर-नियंत्रित जाळे असे म्हणता येईल. या रचनेचे फायदे खरे आहेत. परंतु ते फायदे कोणाच्या खात्यात जमा होतात आणि तिची जोखीम कोणाच्या माथी येते, याचा हिशेब अद्याप नीट मांडला गेलेला नाही. तो मांडणे केवळ अभियंत्यांचे काम नव्हे.

हजेरी आणि हाक

फिरत्या फोनचा माग ठेवणे ही मुळात काटकसरीची समस्या आहे. खिशात स्वस्थ पडलेला फोन प्रत्येक टॉवर ओलांडताना वर्दी देत नाही. तसे केले तर त्याची बॅटरी आणि जाळ्याची शक्ती हजेरी देण्या-घेण्यातच संपून जाईल. म्हणून अनेक टॉवर मिळून एक क्षेत्र मानले जाते. फोन क्षेत्र बदलताना, तसेच ठराविक काळाने, आपली हजेरी लावतो. कॉल आला की जाळे त्या क्षेत्रातील टॉवरांवरून त्याला हाक मारते. क्षेत्र लहान ठेवावे तर हजेऱ्या वाढतात. मोठे ठेवावे तर एका फोनसाठी शेकडो टॉवरांना हाका माराव्या लागतात. हजेरीचा खर्च आणि शोधाचा खर्च यांची बेरीज किमान राहील असा बिंदू शोधणे, हे या शास्त्राचे जुने सूत्र आहे.

मुंबईकरांना याचे उदाहरण रोज दिसते. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये चार-पाच हजार माणसे आणि जवळपास तितकेच फोन असतात. क्षेत्राची सीमा रुळांना छेदून गेली असेल, तर ते सारे फोन क्षणार्धात एकदम हजेरी लावणार. बोलणे चालू असलेल्या फोनांचे काम याहून नाजूक असते. त्यांचे संभाषण न तुटता एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवावे लागते. दर काही मिनिटांनी अशी गाडी धावते आणि तरीही बहुधा संभाषण तुटत नाही, याचे श्रेय पडद्याआडच्या या हिशेबाला आहे.

इंटरनेटने या कामात आणखी एक अडचण निर्माण केली. इंटरनेटवरील पत्ता मूलतः स्थानाशी बांधलेला असतो. माणूस हलला की पत्ता बदलणार आणि पत्ता बदलला की चालू व्यवहार तुटणार. १९९६ साली 'मोबाइल आयपी' या मानकाने त्यावर एक तोड काढली. बदली झालेल्या शिक्षकाची पत्रे जुन्या गावीच जावीत आणि तेथील पोस्टमास्तरांनी ती नव्या गावी धाडावीत, तशी ही व्यवस्था होती. पत्र पोहोचते, पण वळसा घेऊन. पुढील पिढ्यांच्या मोबाइल जाळ्यांनीही एका ठरावीक प्रवेशद्वारातून सारी वाहतूक नेण्याचे तत्त्व पत्करले. त्यामुळे एकाच आळीतील दोन शेजाऱ्यांमधील संदेशालाही दूरच्या महानगरातील प्रवेशद्वाराची वारी घडू शकते.

केबिन जाऊन नियंत्रणकक्ष आला

२००८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निक मॅकेऑन आणि त्यांचे सहकारी यांनी 'ओपनफ्लो' ही संकल्पना मांडली. तोवर जाळ्यातील प्रत्येक स्विच स्वतःचा मेंदू स्वतःच्या पेटीत घेऊन येत असे. कोणते पाकीट कोणत्या वाटेने पाठवावयाचे, हे तो आपल्या पुरत्या माहितीवर ठरवी. नव्या विचारानुसार निर्णयाचे काम पेटीतून काढून एका सामाईक नियंत्रकाकडे दिले गेले आणि स्विचाकडे केवळ आज्ञापालन राहिले. जागोजागीच्या सिग्नल केबिनमध्ये लिव्हर ओढणारी माणसे जाऊन साऱ्या मार्गाचा नकाशा डोळ्यांसमोर असलेला एक नियंत्रणकक्ष यावा, तसा हा बदल आहे.

फिरत्या फोनच्या दृष्टीने याचा लाभ उघड आहे. नियंत्रकाला सारे जाळे दिसते. फोन हलला की तो वाटेतील स्विचांना नवा नियम कळवतो आणि पाकिटे वळसा न घेता जवळच्या मार्गाने जाऊ शकतात. मोबाइल जाळ्यांची मानके ठरविणाऱ्या 'थ्रीजीपीपी' या संस्थेनेही हीच दिशा धरली. २०१७ मध्ये चौथ्या पिढीसाठी नियंत्रण आणि वहन यांच्या विभाजनाची तरतूद झाली. २०१८ च्या मानकात पाचव्या पिढीचा गाभाच त्या तत्त्वावर उभा राहिला. भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून ही पाचवी पिढी अवतरली आहे.

आर्थिक लाभही लहान नाही. यंत्र आणि त्याची आज्ञावली एकाच विक्रेत्याकडून एकत्र घ्यावी लागत असे, तोवर ग्राहक कंपनी त्या विक्रेत्याची बांधील होई. दोन्ही वेगळी झाली की स्पर्धेला वाव मिळतो. सामान्य संगणकांवर चालणारी आज्ञावली नव्या उत्पादकांनाही रचता येते. २७ सप्टेंबर २०२५ रोजी भारत संचार निगमच्या स्वदेशी चौथ्या पिढीच्या यंत्रणेचे उद्घाटन झाले. तिचा गाभा १९८४ साली स्थापन झालेल्या 'सी-डॉट' या सरकारी संस्थेने सिद्ध केला आहे. गाभ्याचे काम पुष्कळसे आज्ञावलीचे झाले नसते, तर एवढी मजल मारणे अधिक कठीण गेले असते.

ताळेबंदाबाहेरचा खर्च

येथवर सारे ठीक आहे. परंतु निर्णयशक्ती एकवटली की चुकीची व्याप्तीही एकवटते. नियंत्रक एकटा नसतो, त्याच्या अनेक प्रती असतात, असे उत्तर यावर दिले जाते. आणि ते खरेही आहे. मात्र प्रती आगीपासून, पुरापासून वा वीज जाण्यापासून रक्षण करतात. सर्व प्रतींमध्ये तीच आज्ञावली असेल, तर तिच्यातील चूकही सर्व प्रतींमध्ये असते. एका केबिनवाल्याची डुलकी एका स्टेशनापुरती असे. नियंत्रणकक्षाची चूक साऱ्या मार्गाची असते.

जपानमधील जाळे नव्या पद्धतीचे होते म्हणून कोलमडले, असे येथे सुचवावयाचे नाही. ग्राहकांची मध्यवर्ती नोंदवही मोबाइल फोनइतकीच जुनी आहे. मुद्दा असा की, नोंदवहीपुरते असलेले मध्यवर्तित्व आता मार्गनिश्चितीलाही लागू होत आहे. जपाननंतर सहाच दिवसांनी, ८ जुलै २०२२ रोजी, कॅनडातील 'रॉजर्स' या कंपनीच्या जाळ्याने याची चुणूक दाखवली. मांडणीतील एका चुकीमुळे तिच्या गाभ्यातील रूटर माहितीच्या लोंढ्याखाली बंद पडले. तारेवरची आणि बिनतारी, अशा दोन्ही सेवा त्याच गाभ्यावर विसंबून असल्याने दोन्ही एकदम गेल्या. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहक तुटले, दुकानांतील कार्डावरील व्यवहार अडले, आपत्कालीन क्रमांक अनेकांना लागेना. दुरुस्तीसाठी अभियंत्यांना ज्या वाटेने आत शिरावयाचे होते, तीही त्याच गाभ्यातून जात होती. एकच गाभा ठेवण्यात काटकसर होती यात शंका नाही. त्या काटकसरीचे मोल मात्र कंपनीच्या भिंतींबाहेरच्या माणसांनीही चुकते केले.

अर्थशास्त्रात याला बाह्यता म्हणतात. कारखान्याचा धूर जसा कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही, तशी जाळे एकवटण्यातली जोखीमही दिसत नाही. केडीडीआयने सुमारे साडेतीन कोटी ग्राहकांना प्रत्येकी २०० येन परत दिले. रॉजर्सने पाच दिवसांच्या शुल्काची सूट दिली. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक काळ बंद राहिल्यास त्या प्रमाणात भाड्यात सूट वा मुदतवाढ द्यावी लागते. ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण तिचे माप सेवेच्या किमतीचे आहे, नुकसानीचे नव्हे. भाजीवाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत सर्वांचे पैसे आज फोनवरून येतात. दहा तास जाळे बंद राहिले तर त्यांची दिवसाची कमाई बुडेल, आणि या तरतुदीनुसार भरपाई शून्य असेल.

न पटणाऱ्या कंपनीला ग्राहकाने सोडून जावे, हे बाजारपेठेचे नेहमीचे उत्तर येथे अपुरे पडते. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, आणि तिने ग्राहकाचे बळ वाढविले हे निःसंशय. तथापि ती सोय दिवसांच्या हिशेबात चालते आणि संकट तासांच्या. एका कंपनीच्या टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर फोन क्षणाच्या अंशात जातो. एका कंपनीकडून दुसरीकडे जावयास त्याला काही दिवस लागतात. यातील पहिला भाग अभियंत्यांनी सोडविला आहे. दुसरा सोडविणे धोरणकर्त्यांच्या हाती आहे.

नोंदवहीचे दुसरे पान

याच नोंदवहीला आणखी एक बाजू आहे. फोन चालावा म्हणून तो कोठे आहे हे जाळ्याला ठाऊक असावेच लागते. परंतु काम झाल्यावर ती माहिती किती काळ जपावी आणि कोणाला दाखवावी, हा प्रश्न तंत्राचा नाही. भारतात डिसेंबर २०२१ पासून कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे जपण्याचे बंधन कंपन्यांवर आहे, आणि त्या नोंदींतून माणसाच्या वावराचा माग लागतो. गुन्ह्यांच्या तपासात त्यांचा उपयोग होतो हे मान्यच आहे. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कार्पेंटर खटल्यात एका माणसाच्या १२७ दिवसांच्या अशा नोंदी पाहून ठरविले की, सर्वसाधारणतः त्यासाठी पोलिसांना न्यायाधीशाचे वॉरंट हवे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. त्या तत्त्वाला या नोंदवहीच्या बाबतीत स्पष्ट कायदेशीर रूप मिळणे अगत्याचे आहे.

मग करावे काय? नवी रचना नाकारावी, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. मागणी एवढीच की, तिच्या जोखमीची किंमत ज्याला लाभ होतो त्याने मोजावी. पहिली गोष्ट, मोठा बिघाड झाल्यावर त्याच्या कारणांचा अहवाल केवळ नियामकापुरता न राहता जनतेसमोर यावा. दुसरी, भरपाई बिघाडाच्या तासांवर आणि बाधितांच्या संख्येवर चढत्या दराने ठरावी, म्हणजे स्वतंत्र गाभा आणि स्वतंत्र दुरुस्तीची वाट ठेवणे कंपनीला स्वतःच्याच हिशेबात परवडू लागेल. तिसरी, एका कंपनीचे जाळे कोलमडल्यास तिच्या ग्राहकांना निदान आपत्कालीन कॉलसाठी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरांवर आपोआप आश्रय मिळावा. २०२२ च्या त्या दोन घटनांनंतर कॅनडातील कंपन्यांनी परस्परसाहाय्याचा करार केला आणि जपान सरकारनेही कंपन्यांमधील अशा सोयीचा विचार हाती घेतला.

यांतील प्रत्येक उपायाला खर्च आहे आणि त्याचा काही भाग अखेरीस आपल्या बिलात येईल, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु तो खर्च आजही आपण भरतोच आहोत. फक्त तो बिलावर छापलेला नसतो आणि जाळे बंद पडेल त्या दिवशी एकदम वसूल होतो. भारतातील बहुसंख्य मोबाइल ग्राहक आज दोन खासगी कंपन्यांकडे आहेत. कोट्यवधींची नोंदवही इतक्या थोड्या हातांत असताना तिच्या राखणदारीचे नियम पहिल्या मोठ्या अपघाताआधीच ठरलेले बरे.