पांढरीची माती

जालन्याहून अजिंठ्याचीं लेणीं पाहण्यास निघालेली मंडळी भोकरदनावरून जातात, परंतु तेथें चहापलीकडे थांबत नाहींत. आम्हीही आजवर त्यांतलेच. यंदा वैशाखांत मात्र चिरंजीवांनीं "लेणीं पाहिलेलींच आहेत" असा निकाल दिला, तेव्हां या खेपेस वाटेवरचेंच पाहावें असा बेत ठरला.

भल्या पहाटे निघालों. राजूरच्या गणपतीपुढें सौभाग्यवतींनीं नारळ वाढविला, आणि ऊन चढण्यापूर्वीं मोटार केळणा नदीच्या कांठीं आली.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपास ज्यांनीं दानें दिलीं त्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं येथील माणसें विंध्यापलीकडे पुण्यकर्मास पैसा खर्चीत होतीं! १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीनें डॉ. देव व डॉ. गुप्ते यांनीं येथें उत्खनन केलें, त्यांत एक मोडकी हस्तिदंती मूर्ति निघाली. इटलींतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें १९३८ सालीं अशाच घडणीची भारतीय स्त्रीमूर्ति सांपडलेली होती. त्यावरून ती मूर्ति केळणाकांठच्या कारागिरांच्या हातची असावी, असें कांहीं विद्वान् मानतात. हें सर्व ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "इतकी लांब सासरीं गेली खरी, पण माहेरीं तिची कोणाला आठवण आहे का?"

एवढ्यांत चिरंजीवांनीं दरडींतून पडलेलें एक काळें, गुळगुळीत खापर उचलून खिशांत घातलें. आम्हीं लागलीच उपदेश सुरू केला. खापराची किंमत त्याच्या जागेंत असते. कोणत्या थराच्या वर आणि कोणत्याच्या खालीं तें पडलें, यावरून काळ उलगडतो. खिशांत गेलें कीं तें नुसतें खापर. मुलानें हिरमुसून तें जेथल्या तेथें ठेवलें, आणि आपण पितृकर्तव्य बजावलें म्हणून आम्हांस बरें वाटलें.

पुढें अन्वें. तेथील काळ्या दगडाचें मंदिर सुमारें बाराव्या शतकांतलें आहे. गाभाऱ्यांत शिवलिंग, पण बाहेरच्या भिंतींवर पाहावें तों शंख, चक्र, गदा, पद्म धारण केलेल्या स्त्रिया! या विष्णूच्या शक्ति होत, आणि मंदिर मूळ विष्णूचें असावें असें अभ्यासक सांगतात. केशव, नारायण, माधव ही चोवीस रूपें हातांतील आयुधांच्या क्रमावरून ओळखावयाचीं असतात. संध्येंत तीं नांवें आम्ही लहानपणापासून भराभर घेत आलों, पण त्या नांवांना निरनिराळे हात आहेत हें कन्येला समजावतांनाच प्रथम नीट ध्यानांत आलें. ती मुलगी एकेका मूर्तीपुढें उभी राहून हात मोजीत होती. दुपारचे बारा वाजले तरी हलेना.

जेवणाची सोय डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीवर झाली. ज्वारीची भाकरी, पिठलें, मिरचीचा ठेचा. बहुतेक घरांवर पत्रे. हें एकच घर माळवदाचें राहिलेलें, आणि पावसाळ्याआधीं त्याच्या धाब्यावर नवी माती टाकण्याचें काम चाललें होतें. बाहेर रणरण ऊन असतां आंत विलक्षण गारवा. सौभाग्यवतींनीं माती कोणती म्हणून विचारलें.

"पांढरीची हाय, माय," म्हातारी म्हणाली. "थेंब गळत न्हाई."

चिरंजीव अंगणांतल्या ढिगापाशीं वाकले. मातींत ठायीं ठायीं खापरें! "बाबा, मला एक खापर परत ठेवायला लावलेंत," तो म्हणाला, "आणि इथें तर अख्खें टेकाड घरावर चढतें आहे."

आम्हांस उत्तर सुचेना. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची जागा. शेंकडों वर्षांच्या भिंती, राख नि चुली विरून झालेली ती माती. मराठवाड्यांत पिढ्यान् पिढ्या तिनेंच माळवदें शाकारलीं. आमच्या आजोळच्या वाड्यावरही दर उन्हाळ्यांत पांढरीच्या गाड्या येत, आणि ती माती पायांनीं दाबण्याचा मान आम्हां पोरांचा असे. त्या टेकाडांत कोणतें भोगवर्धन होतें, कोणाची मूर्ति होती, हें विचारण्याची बुद्धि तेव्हां घरांतील एकाही शहाण्यास झाली नाहीं. तीं माणसें शिकलेलीं होतीं, हें विशेष. मग या म्हातारीला, वैशाखांत तापणारे पत्रे घाल आणि टेकाड वांचव, असें सांगण्यास आमची जीभ उचलेना.

म्हातारी घमेल्यांतून खापरें वेंचून बाजूला टाकीत होती. मातींत खापर राहिलें कीं तेथें पाणी मुरतें, असें तिनें सांगितलें. मुलगा तिच्याशेजारीं बसून काळीं एकीकडे, तांबडीं एकीकडे लावूं लागला.

"ने की लेकरा घरी, खेळायला."

त्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्ही डोंगराकडे पाहूं लागलों.