टाकण्यापूर्वी उघडून पाहा

वस्तू जुनी दिसू लागली, की ‘आता ही टाकून द्या’ असे म्हणणारे कोणी तरी प्रत्येक घरात असतेच. आमच्या घरच्या संगणकावरही असाच प्रसंग आला. या संगणकाला निराळी पेटी नाही. सारी यंत्रणा पडद्याच्या पाठीमागेच बसविलेली आहे. दहा वर्षे त्याने इमानाने काम केले. पुढे मात्र तो सुरू व्हावयास पाच-पाच मिनिटे लागू लागली आणि त्याचा पंखा सारखा घोंघावू लागला. ‘बाबा, हा म्हातारा झाला. नवाच घेऊ या,’ असे मुलगा म्हणाला, आणि मलाही ते पटले होते.

तरीही टाकण्यापूर्वी एकदा आत पाहावे, म्हणून मी दुरुस्तीची कामे करणाऱ्या एका जाणत्या गृहस्थांना बोलाविले. त्यांनी प्रथम महत्त्वाच्या साऱ्या मजकुराची प्रत काढून घेतली, विजेची तार काढली आणि मग मागील झाकण उघडले. आत पाहतो, तो पंख्याच्या पात्यांवर धुळीचा जाड थर! हवेला वाट नव्हती, म्हणून यंत्र तापत होते. आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी आपली गती कमी करीत होता. आमचा संगणक म्हातारा झाला नव्हता. तो गुदमरला होता!

गृहस्थांनी धूळ झाडली. प्रोसेसरवरील वाळलेला लेप पुसून नवा लावला. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेई, आणि माहिती वाचणारे टोक तिच्यावर इकडून तिकडे धावे. तिच्या जागी त्यांनी एसएसडी बसविली. तीत फिरणारा भागच नसल्यामुळे माहिती तत्काळ हाती येते. रॅमही ४ गीगाबाइटांवरून ८ केली. आता संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होतो.

यावरून माझे असे मत झाले आहे, की वस्तू उघडता येईल अशी बनविणे हे निर्मात्याचे कर्तव्य होय. ॲपल कंपनीच्या आयमॅक संगणकाचे उदाहरण घ्या. २००९ साली निघालेल्या आयमॅकची काच लोहचुंबकांनी धरून ठेवलेली होती. रबरी वाट्या चिकटवून ती अलगद उचलता येई. २०१२ साली सडपातळ बांधणी आली आणि पडदा कडेने चिकटपट्टीने डकविण्यात आला. देखणेपणा वाढला, परंतु आत जाण्याची वाट बिकट झाली. त्याच वर्षीच्या २७ इंची आयमॅकच्या पाठीस मात्र रॅम बदलण्यापुरते लहानसे दार होते. म्हणजे मनात आणले, तर दार ठेवता येते!

कोणी म्हणेल, जुन्या यंत्रावर पैसा का घालावा? ही शंका अगदीच निराधार नाही. मुख्य फलक जळाला असेल किंवा सुरक्षिततेच्या सुधारणा मिळेनाशा झाल्या असतील, तर त्या यंत्राला निरोप द्यावा हेच बरे. पण हा निर्णय तपासणीनंतर व्हावा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यातील पाव हिस्साही रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही. त्या ढिगाऱ्यात नुसत्या धुळीने गुदमरलेली यंत्रे किती असतील बरे?

मुलांनो, एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. विजेची तार काढल्यावरही यंत्राच्या काही भागांत वीज साठून राहते. म्हणून जाणत्या माणसावाचून झाकणाला हात लावू नका. परंतु कोणी यंत्र उघडीत असेल, तर जवळ बसून नीट पाहा, प्रश्न विचारा. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आणि भांड्यांना कल्हई लावून ती पुन्हा वापरणाऱ्या आजीला जे उमगले होते, ते आपण विसरता कामा नये. वस्तूचे आयुष्य किती उरले आहे, हे तिच्या वयावरून कळत नाही. ते तिच्या अंतरंगात डोकावल्यावरच कळते.