जुन्या मैफलींचे चित्रण कोणी जपले?

३ जानेवारी १९७३ रोजी डेव्हिड बोवी यांनी बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात ‘द जीन जिनी’ हे गाणे सादर केले. या कार्यक्रमात बहुतेक गायक तयार ध्वनिमुद्रणावर नुसते ओठ हलवत. बोवी आणि त्यांच्या साथीदारांनी मात्र गाणे प्रत्यक्ष गायले-वाजवले. दुसऱ्या दिवशी ते प्रक्षेपित झाले आणि पुढे ती फीत पुसून टाकण्यात आली. त्यानंतर ३८ वर्षे हे चित्रण कायमचे गेले असे मानले जात होते. २०११मध्ये उलगडा झाला, की जॉन हेनशॉल या कॅमेरामनकडे त्याची एक प्रत आहे. मुद्रणाच्या दिवशी त्यांनी फिशआय, म्हणजे दृश्य गोलाकार वाकवून दाखवणारे खास भिंग वापरले होते. त्या कामाचा नमुना हाताशी असावा म्हणून त्यांनी दोन इंची फितीवर प्रत करून घेतली होती. जगात तेवढी एकच प्रत उरली आहे, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

बीबीसीसारख्या संस्थेने फीत का पुसावी, हा प्रश्न आज साहजिक वाटतो. पण त्या काळाचा हिशेब वेगळा होता. अँपेक्स कंपनीने १९५६मध्ये आणलेली दोन इंच रुंदीची चित्रफीत फार महाग होती आणि तिच्यावर पुन्हापुन्हा मुद्रण करता येत असे. कलाकारांच्या आणि वादकांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. घरोघरी व्हिडिओ पोहोचायला अजून वेळ होता. ज्या फितीतून पुढे काही मिळकत नाही, ती कपाटात ठेवण्यापेक्षा पुसून वापरणे व्यवस्थापनाला शहाणपणाचे वाटत होते. बीटल्सही यातून सुटले नाहीत. १६ जून १९६६ रोजी ते याच कार्यक्रमात आले होते आणि ती फीतही गेली. कोणीतरी घरच्या टीव्हीच्या पडद्यावर आठ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा धरून टिपलेले काही सेकंदांचे मुके चित्रण २०१९मध्ये समोर आले, तेव्हा ती मोठी बातमी झाली.

लेड झेपेलिनच्या बाबतीत टंचाईचे कारण निराळे आहे. या बँडने आणि त्याचे व्यवस्थापक पीटर ग्रँट यांनी सुरुवातीच्या काही कार्यक्रमांनंतर दूरचित्रवाणीपासून ठरवून अंतर राखले. ज्याला हा बँड पाहायचा आहे त्याने तिकीट काढून यावे, असे ते धोरण होते. मार्च १९६९मध्ये डॅनिश दूरचित्रवाणीने केलेले चित्रण टिकले आणि जानेवारी १९७०मधल्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या कार्यक्रमाचेही टिकले. त्यानंतरच्या वर्षांचा मोठा पट्टा मात्र अधिकृत कॅमेऱ्याविना राहिला. प्रेक्षकांतून होणाऱ्या चोरट्या मुद्रणावर ग्रँट स्वतः तुटून पडत. १९७०च्या बाथ महोत्सवात अशा एका यंत्रावर त्यांनी बादलीभर पाणी ओतल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. बाजारात विकल्या जाणाऱ्या चोरट्या तबकड्यांमधून, म्हणजे बुटलेगमधून, कलाकाराच्या हाती एक पैसाही पडत नव्हता आणि निकृष्ट ध्वनीमुळे त्याचे नावही खराब होत होते.

तरीही चित्रण झाले, आणि ते कोटाच्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांनी केले. कोडॅकने १९६५मध्ये सुपर एट ही घरगुती फिल्म आणली. तिच्या एका डबीत पन्नास फूट फिल्म असते आणि सेकंदाला १८ चौकटी या वेगाने ती साधारण तीन मिनिटे वीस सेकंदांत संपते. आवाज टिपणारी सुपर एट १९७३मध्ये आली, तरी बहुतेकांकडे मुकेच कॅमेरे होते. समोर कार्यक्रम तीन तासांचा आणि खिशात दोन-तीन डब्या, अशा वेळी काय टिपायचे हे चाहत्याला जागच्या जागी ठरवावे लागे. म्हणून या फिल्म तुटक असतात. गिटारवादक पुढे आला की दहा सेकंद, ढोलवादकाचा एकल तुकडा सुरू झाला की वीस सेकंद, मग पुढच्या माणसाचे डोके, मग काळोख. फिल्मची प्रकाशग्रहणाची क्षमता कमी असल्यामुळे दिव्याच्या झोताबाहेरचे सगळे काळे दिसते. कोणाकडे पाहावेसे वाटले आणि डबी संपत आल्यावर कशासाठी राखून ठेवली, हे मात्र त्या तुकड्यांतून नेमके कळते. व्यावसायिक चित्रपटात ते कधीच दिसत नाही.

अशा फिल्म जमवणाऱ्या संग्राहकांचे खरे कौशल्य यापुढे सुरू होते. त्याच रात्री सभागृहात दुसऱ्याच कोणा चाहत्याने कॅसेटवर आवाज टिपलेला असतो. मुक्या फिल्मचा प्रत्येक तुकडा त्या तासन्‌तासांच्या ध्वनिमुद्रणात नेमका कुठे बसतो, हे शोधावे लागते. त्यासाठी गायकाचे ओठ, झांजेवर पडणारी काठी, गिटारवादकाच्या बोटांची पट्टीवरची जागा, सगळे पुन्हापुन्हा पाहावे लागते. यात आणखी एक अडचण येते. स्वस्त कॅमेऱ्याची मोटर अगदी १८ चौकटींच्या वेगाने कधीच चालत नाही, ती थोडी पुढेमागे होते. कॅसेटचा वेगही थोडा कमीजास्त असतो. त्यामुळे सुरुवातीला जुळलेले चित्र आणि आवाज अर्ध्या मिनिटात सुटतात आणि वेग पुन्हा सुधारावा लागतो. काही मिनिटांच्या जुळणीमागे कित्येक आठवड्यांचे काम असू शकते. कपडे, वाद्ये आणि मंचाची मांडणी यांवरून तारीख ठरवण्याचे कामही हीच मंडळी करतात. हे काम संशोधकाच्या दर्जाचे आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

दुसरा स्रोत म्हणजे सभागृहांतले अंतर्गत व्हिडिओ. न्यू जर्सीतल्या पॅसेक गावच्या कॅपिटल थिएटरमध्ये कृष्णधवल कॅमेरे बसवलेले होते आणि १९७०च्या दशकातल्या अनेक बँडांचे तिथले कार्यक्रम त्यामुळे टिकले. मोठ्या मैदानांत मागच्या प्रेक्षकांसाठी पडदे लावले जात आणि त्या पडद्यांवर जाणारे चित्र कधीकधी फितीवरही उतरे. लेड झेपेलिनचा जुलै १९७७मधला सिअ‍ॅटलच्या किंगडोममधला कार्यक्रम याच मार्गाने संग्राहकांपर्यंत पोहोचला.

हाती आलेली फीत एकाकडून दुसऱ्याकडे जाताना झिजत गेली. मूळ फितीवरून केलेल्या प्रतीला पहिली पिढी म्हणतात, तिच्यावरून केलेली ती दुसरी. प्रत्येक पिढीत रंग फिसकटतात, कडा धूसर होतात आणि खरखर वाढते. त्यात अमेरिकेची चित्रप्रणाली ५२५ रेषांची, युरोपची आणि भारताची ६२५ रेषांची होती. समुद्रापार फीत पाठवली की रूपांतरात आणखी नुकसान. म्हणून जाणकार संग्राहक आधी पिढी विचारतात. त्यांच्यातला जुना शिरस्ता असा, की फितीच्या बदल्यात फीत द्यावी, किंवा कोरी कॅसेट आणि टपालखर्च द्यावा, पैसे घेऊ नयेत. हा शिरस्ता मोडून विकणारे नेहमीच होते, आणि कलाकारांचा राग मुख्यतः त्यांच्यावर होता.

कायदा मात्र हा फरक फारसा करत नाही. कलाकाराच्या संमतीवाचून त्याचे प्रत्यक्ष सादरीकरण मुद्रित करणे अनेक देशांत बेकायदा आहे. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४मध्ये दुरुस्ती होऊन सादरकर्त्याचा हक्क स्पष्टपणे आला आणि १९९९मध्ये त्याची मुदत ५० वर्षे झाली. आपली कला कोणी, कशी टिपावी हे ठरवण्याचा अधिकार कलाकाराचा असावा, हे तत्त्व योग्यच आहे. पण संमतीचा मार्गही असू शकतो, हे ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने दाखवले. १९८४मध्ये त्यांनी मुद्रण करणाऱ्या चाहत्यांसाठी तिकिटांचा वेगळा विभागच ठेवला. विक्री करायची नाही, एवढीच अपेक्षा होती. त्यांचा ८ मे १९७७चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम फितींच्या देवघेवीतून आधीच जगभर पोहोचला होता. पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या ध्वनिमुद्रणाची राष्ट्रीय नोंदवहीत निवड केली, आणि अधिकृत प्रकाशन त्याही नंतर, २०१७मध्ये झाले.

वाद चालू असताना रसायनशास्त्र मात्र थांबत नाही. अ‍ॅसिटेटच्या फिल्ममधून कालांतराने व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, ती आकसते, वाकते, आणि एकदा सुरू झालेली ही झीज उलटवता येत नाही. चुंबकीय फितीवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकटद्रव्याचा लेप हवेतली वाफ शोषतो आणि फीत यंत्रात चिकटू लागते. अशा काही फिती नियंत्रित उष्णतेत तासन्‌तास ठेवून तात्पुरत्या वाजवण्याजोग्या करता येतात. तेवढ्या अवधीत प्रत काढून घ्यायची असते. दोन इंची फिती वाजवणारी यंत्रेही आता मोजकीच राहिली आहेत.

ही सगळी वस्तुस्थिती पाहिल्यावर आमचे मत असे आहे, की रॉक संगीताच्या मंचाचा इतिहास बऱ्याच अंशी नियम मोडणाऱ्यांनी वाचवला आहे. हे खुद्द कलाकारांनीही कृतीने मान्य केले. २००३मध्ये लेड झेपेलिनचा अधिकृत डीव्हीडी संच बँडचे गिटारवादक जिमी पेज यांच्या देखरेखीखाली निघाला, तेव्हा त्यात चाहत्यांनी चोरून टिपलेल्या चित्रणाचे तुकडेही घेतले होते. पण संग्राहकांतल्या एका प्रवृत्तीचा बचाव करता येणार नाही. दुर्मीळ फीत दाबून ठेवायची, तिच्या दुर्मीळपणावर सौदे करायचे आणि प्रत कोणालाही द्यायची नाही, असे करणारे लोक आहेत. अशी फीत कपाटात सडली तर ती पुसणाऱ्या कार्यालयात आणि या संग्राहकात परिणामाच्या दृष्टीने काहीच फरक राहत नाही. विनामोबदला जपणूक करून ती अभिलेखागाराच्या किंवा कलाकाराच्या स्वाधीन करणाऱ्याला कायद्याने अभय द्यावे आणि विक्री करणाऱ्याला देऊ नये, अशी सुस्पष्ट तरतूद व्हायला हवी.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. लेड झेपेलिनचे पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२मध्ये मुंबईत इथल्या वादकांबरोबर दोन गाणी मुद्रित केली होती. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडले. १९८०मध्ये ‘द पोलीस’ हा बँड धोबीतलावच्या रंगभवनात वाजवून गेला. त्याच रंगभवनात १९८०च्या दशकापासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव भरत असे आणि मुंबई-पुण्याचे, गोव्याचे तरुण तिथे येत. त्या काळी काही घरांत व्हिडिओ कॅमेरे येऊ लागले होते. मुंबईच्या आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत व्हीएचएस कॅसेटच्या कडेला पांढरी बुरशी धरते, आणि तशी कॅसेट यंत्रात घातली की बुरशी यंत्रालाही लागते. ज्यांच्या घरी अशी कॅसेट किंवा सुपर एटची डबी असेल, त्यांनी ती उत्सुकतेपोटी लावून पाहू नये. आधी जाणकाराकडून साफ करून तिची डिजिटल प्रत काढावी, मूळ वस्तू टाकून देऊ नये, आणि तारीख, ठिकाण, वाजवणारे कोण होते हे आठवते आहे तोवर लेबलवर लिहून ठेवावे.