दुसरा कंट्रोलर आधी
माझा मुलगा कसारा लोकलने टिटवाळ्याला उतरून घरी पोचतो, तोवर नातवंडांची जेवणं झालेली असतात. उरलेल्या तासाभरासाठी गेमिंग कन्सोल घ्यायचा, तर आजी म्हणून माझं स्पष्ट मत: महागडा हेडसेट, झगमगता चार्जिंग स्टँड राहू द्या, पैसे दुसऱ्या कंट्रोलरवर घाला. प्लेस्टेशन ५ च्या खोक्यात साधारणपणे एकच येतो. एकाने खेळायचं, बाकीच्यांनी बघत बसायचं?

ऑनलाइन चौघांचा गेम म्हणजे एका सोफ्यावरच्या चौघांचा नव्हे; दुकानात हे नीट विचारा. ऑनलाइनसाठी बहुधा वेगळी वर्गणीही पडते. २०२१चा 'इट टेक्स टू' एकट्याला खेळताच येत नाही, म्हणून तो मला आवडतो. 'ओव्हरकुक्ड'मध्ये चौघांनी मिळून स्वयंपाक करायचा. सूनबाई तिथेही मलाच कांदे चिरायला लावते! पुण्यात घडवलेला 'राजी' देखणा खरा, पण एकट्याचा.

डिस्क चालणारंच मॉडेल घ्या. डिस्क शेजारच्यांशी बदलता येते, कंटाळा आला की विकता येते. डाउनलोड केलेला गेम तुमच्याच खात्यात पडून राहतो. आणि गेमच्या खोक्यावरचा वयाचा आकडा नातवाने नव्हे, तुम्ही वाचा.