डाळ कोणी वाटायची?

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत महिनाभर झोपाळ्यात विसावते. उन्हाच्या काहिलीत तिच्यासाठी जे जे करायचं, ते सगळं गारव्याचं. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगड, भिजवलेले हरभरे, मोगऱ्याचे गजरे. माहेरी आलेल्या लेकीचे लाड करायचे, इतका साधा अर्थ. मग या माहेराचं दार काही लेकींना बंद का, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो.

आमच्या वसाहतीचं महिला मंडळ चैत्रात सार्वजनिक हळदीकुंकू करतं. मी आजवर कधी गेले नव्हते. 'सर्व सुवासिनींना आग्रहाचं निमंत्रण' या शब्दांनी माझ्या ओळखीच्या किती तरी जणी परस्पर वगळल्या जायच्या, आणि ते मला पटत नव्हतं. यंदा मात्र फलकावर 'वसाहतीतील सर्व स्त्रियांना' असं लिहिलेलं दिसलं. म्हटलं, आता जायलाच हवं.

आरास सुरेख होती. गुलाबपाणी, अत्तर, लहान मुलींची लगबग. बोलावलेल्या विधवा मैत्रिणीही आल्या होत्या. पण बसल्या होत्या अगदी मागे, भिंतीला टेकून. त्यांतल्या साठीच्या एक काकू सकाळपासून मंडळाच्या स्वयंपाकघरात राबत होत्या. कैऱ्या किसणं, डाळ वाटणं, फोडणी, सगळं त्यांच्याच हातचं. हळदीकुंकवाचं तबक घेऊन फिरणारी मुलगी त्यांच्यापाशी येऊन थबकली. लावू की नको? काकूच म्हणाल्या, "असू दे गं, तू पुढे जा."

माझ्या मनात आलं, डाळ वाटायला काकू चालतात, पण वाटलेली डाळ सगळ्यांना वाटायला मात्र चालत नाहीत!

मी उठून तबक घेतलं आणि विचारलं, "काकू, लावू ना?" क्षणभर त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग कपाळ पुढे केलं. शेजारच्या बाई मात्र "मला नको" म्हणाल्या. त्यांना मी गजरा दिला. तो त्यांनी हसत माळला. दोघींचंही मला पटलं. कुंकू लावलंच पाहिजे असा हट्ट नकोच. पण 'नको' म्हणण्याचा हक्क तिचा आहे, तिच्या वतीने ते आपण ठरवायचं नाही.

"त्यांनाच आवडत नाही हो," असं पुष्कळदा ऐकू येतं. वर्षानुवर्षं ज्यांना कोणी विचारलंच नाही, त्यांची आवड आपल्याला कळणार तरी कशी? महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. शिक्षण मिळालं, नोकऱ्या मिळाल्या, पण समारंभातली मागची खुर्ची काही सुटली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. एका गावाला जे सुचलं, ते आपल्या शिकल्यासवरल्या वसाहतींना का सुचू नये?

ठराव गावाने करायचा, पण तबक असतं आपल्या हातात. म्हणून मैत्रिणींनो, नुसती पत्रिका बदलून थांबू नका. विधवांसाठी वेगळा सत्कार-बित्कारही नको, त्याने त्या पुन्हा वेगळ्याच पडतात. गौरीची आरास, स्वागत, ओटी भरणं ही मानाची कामं सगळ्यांत वाटून द्या. घटस्फोटित, अविवाहित, नवऱ्याने टाकलेली, कोणीही असो. तबक फिरवणाऱ्या मुलींना आधीच सांगून ठेवा, की प्रत्येकीपुढे थांबायचं, प्रत्येकीला विचारायचं. आपण जे करू तेच त्या शिकणार आहेत.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू अक्षय्यतृतीयेपर्यंत केव्हाही करता येतं. तुमच्याकडचं अजून व्हायचं असेल, तर पहिलं बोलावणं शेजारच्या त्या काकूंना करा. आणि हो, त्यांना ओट्यापाशी नव्हे, गौरीपाशी बसवा.