घरखर्चाची वही : तिच्या मापाचे धनुष्य



शिलाई मशीन, कुकर, मुलांची सायकल यांचा हिशोब आपण या वहीत मांडतो. आजची वस्तू जरा निराळी आहे. एका भगिनीने विचारले आहे, "महिन्यातून दोन-तीन रविवार मी तिरंदाजी शिकायला जाते. केंद्रावरचे धनुष्य वापरते. आता भिशीचे पैसे येतील, त्यातून स्वतःचे घ्यावे असे मनात आहे. घरचे म्हणतात, घ्यायचेच तर थोरल्या मुलालाही चालेल असे घे, म्हणजे पैसे वसूल होतील. काय करू?"

ताई, उत्तर आधीच देऊन टाकतो. धनुष्य तुमच्या मापाचे घ्या. मुलाला चालेल असे घेऊ नका. यात मुलावर अन्याय नाही. कारण पुढे हिशोबाने सांगतो.

त्याआधी घरच्यांच्या मनातला दुसरा प्रश्न घेऊ. तो ते तोंडावर विचारत नसतील, पण असतो. "बाईमाणसाला या वयात धनुष्य कशाला? मेडल मिळणार आहे का? नोकरी लागणार आहे का?" मेडल मिळवणाऱ्या मुली आपल्याकडे आहेत. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ती अवघी १७ वर्षांची होती. रांचीच्या दीपिका कुमारीचे वडील रिक्षा चालवायचे. बांबूच्या धनुष्यावर हात बसवून ती पुढे ऑलिंपिकला गेली. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुराच्या घरातून टोकियोला पोहोचला. या सर्वांचा अभिमान आहेच. पण प्रत्येकीने अदिती व्हायलाच पाहिजे असे कोणी ठरवले? पुरुष रविवारी क्रिकेट खेळायला जातो, त्याला कोणी विचारत नाही की रणजीत कधी निवड होणार. मग आठवडाभर पाळी, पाणी, स्वयंपाक उरकून दोन तास नेम मारणाऱ्या बाईलाच हा जाब का? तिला आनंद वाटतो, खांदे सरळ होतात, मन एका ठिकाणी लागते. एवढे कारण पुरे आहे.

आता हिशोब.

धनुष्याचा 'भार' म्हणजे दोरी ओढायला लागणारे बळ. ते पौंडात मोजतात आणि बहुतेक धनुष्यांच्या पात्यावर लिहिलेले असते. १ पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. पण पात्यावरचा आकडा दोरी २८ इंच ओढल्यावरचा असतो. ज्याचे हात आखूड, तो कमी ओढतो, आणि त्याला भारही कमी लागतो. दर इंचाला साधारण एक-दोन पौंडांचा फरक पडतो. म्हणजे एकच धनुष्य आईच्या हातात वेगळे आणि मुलाच्या हातात वेगळे.

आपली ओढ किती, हे घरीच काढता येते. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत शिवणकामाच्या टेपने मोजा. जे इंच येतील त्यांना अडीचने भागा. ६० इंच आले तर ओढ २४ इंच. मुलाचे ७० इंच आले तर त्याची ओढ २८ इंच. हा अंदाज आहे, पक्के माप केंद्रावरचे प्रशिक्षक घेतील. खरेदीचा विचार करायला मात्र एवढे पुरते.

आता मुलाला पुरेल असे २८-३० पौंडांचे धनुष्य घेतले असे समजा. तुमच्या २४ इंच ओढीला ते २२-२४ पौंड लागेल. ऐकायला फार वाटत नाही. पण एका सरावात ६० बाण सोडले तर २४ पौंडांप्रमाणे १४४० पौंड, म्हणजे जवळजवळ ६५० किलो भार तुमच्या तीन बोटांनी आणि एका खांद्याने ओढला. तेच १६ पौंडांचे असेल तर ९६० पौंड, म्हणजे सुमारे ४३५ किलो. फरक २०० किलोंच्या वर गेला. रेशनच्या ५० किलोच्या चार पोत्यांहून जास्त!

जी रोज सराव करते तिचे स्नायू हळूहळू तयार होतात आणि ती भार वाढवत नेते. जी पंधरवड्यातून एकदा जाते तिचे स्नायू तसे तयार होत नाहीत. म्हणून कधीमधी नेम मारणारीने रोजच्या खेळाडूपेक्षा हलकेच धनुष्य घ्यावे. दुकानदार सांगेल, "हलके घेतले तर लवकर बदलावे लागेल." त्याच्या सांगण्यावर जाऊ नका. जड धनुष्य ओढताना खांदा कानाकडे वर चढतो, पाठ वाकते, हात थरथरतो आणि घाईने बाण सुटतो. चुकीची सवय लागते, खांदा दुखतो. मग धनुष्य माळ्यावर जाते आणि सगळेच पैसे पाण्यात जातात. हलक्या धनुष्याने १० ते १८ मीटरवर उत्तम नेम बसतो. नवशिकीला याहून लांब मारायची घाई नको.

बहुतेक बायकांना प्रत्यक्ष हाताला १४ ते १८ पौंड लागेल असे धनुष्य सुरुवातीला योग्य. आखूड ओढ धरली तर पात्यावर १८ ते २२ लिहिलेले पाहावे. परीक्षा सोपी आहे. प्रशिक्षकांसमोर दोरी पूर्ण ओढून मनात दहा आकडे मोजा. हात थरथरला नाही, खांदा वर चढला नाही, तर ते तुमचे. मग दोरी तशीच सावकाश पुढे आणा. बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. बाणाला जाणारे बळ उलटे धनुष्यात शिरते आणि पाते तडकते.

उलट बाजूही पाहा. तुमचे हलके धनुष्य मुलाने ओढले तर काय होईल? बाण ओढीपेक्षा इंच-दोन इंच लांब घेतात. तुमचे बाण झाले २६ इंचांचे. मुलाने २८ इंच ओढले की बाणाचे टोक आधारावरून मागे घसरते, आणि तशात सुटलेला बाण धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. म्हणून "सगळ्यांना चालेल" हे शब्द इथे उपयोगाचे नाहीत. थोरल्याचा सदरा धाकट्याला चालतो, आईचा बाण मुलाला चालत नाही. त्याला शिकायचे असेल तर केंद्रावर त्याच्या मापाचे मिळेल.

आता प्रकार. आपल्याकडे तीन दिसतात. पहिला बांबू-लाकडाचा, ज्याला मैदानावर 'इंडियन राऊंड'चे धनुष्य म्हणतात. तो सर्वांत स्वस्त. पुष्कळ मुलांचा पहिला हात याच्यावरच बसतो. अडचण एवढीच की त्यावर भार लिहिलेला असेलच असे नाही, आणि पुढे भार बदलता येत नाही. घेताना ताणकाट्याचा हुक दोरीला लावून आपल्या ओढीइतके ओढून पाहावे. ७ किलो म्हणजे साडेपंधरा पौंड.

दुसरा 'रिकर्व्ह'. याच्या पात्यांची टोके पुढे वळलेली असतात. ऑलिंपिकमध्ये आजवर आपल्या खेळाडूंनी हेच वापरले. यात लाकडी मुठीचे आणि पाती सुटी होणारे साधे धनुष्य मिळते. कधीमधी जाणाऱ्या भगिनीला माझ्या मते हेच परवडते. कारण दोन वर्षांनी हात तयार झाला तर मूठ तीच ठेवून फक्त त्याच बनावटीची, त्याच लांबीची थोडी जड पाती घेता येतात. जुनी पाती केंद्रावरची दुसरी नवशिकी घेते. लांबी ६२ ते ६६ इंच असावी. धनुष्य आपल्याहून उंच दिसले तरी घाबरू नका. लांब धनुष्य ओढायला मऊ जाते आणि दोरी बोटांना कमी चिमटते.

तिसरा 'कंपाऊंड', चाके असलेला. अदितीचा प्रकार हाच. पूर्ण ओढल्यावर हाताला भार फारच कमी उरतो, म्हणून मोह होतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही त्याची मिश्र सांघिक स्पर्धा घ्यायचे ठरले आहे. पण ते महाग, वजनाला जड, आणि दोरी बदलायलाही खास यंत्र लागते. महिन्यातून दोन रविवारांसाठी तो खर्च अंगावर घेऊ नये.

एक गोष्ट दुकानात जाण्याआधी तपासा. तुमचा कोणता डोळा जोराचा? दोन्ही तळहात पुढे करून बोटांमध्ये छोटी खिडकी करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून दूरचा दिवा पाहा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा खिडकीतच दिसतो तो जोराचा. उजवा असेल तर उजव्या हाताने दोरी ओढायचे धनुष्य घ्यावे. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर प्रशिक्षकांना विचारूनच ठरवा. डावे-उजवे धनुष्य निरनिराळे येते, मागाहून बदलून मिळेल याची खात्री नसते.

भिशीची सगळी रक्कम धनुष्यावर घालू नका. १०० रुपये असतील तर ५५-६० धनुष्याला, २५ बाणांना आणि उरलेले अंगरक्षणाच्या सामानाला ठेवा. बाण सहा-आठ पुरेत, पण सगळे एकाच जातीचे हवेत. हलक्या धनुष्याला लवचिक बाण लागतो. ताठ बाण घेतला तर नेम बरोबर असूनही तो बाजूला जातो आणि बाईला वाटते आपलेच चुकते. म्हणून धनुष्याचा भार आणि आपली ओढ सांगूनच बाण मागावेत.

सामानात चार वस्तू धरा. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला बांधायचा आर्मगार्ड, बोटांसाठी चामड्याचा टॅब, छातीवर बांधायचा चेस्टगार्ड आणि दोरी चढवायचा स्ट्रिंगर. शेवटची वस्तू स्वस्त असते, तरी लोक टाळतात. पायात धनुष्य अडकवून दोरी चढवली की पाते पिळते. चेस्टगार्ड बायकांनी टाळूच नये. दोरी सुटताना कपड्यात अडकते. पदर कंबरेला खोचावा, ओढणी काढून ठेवावी, गळ्यातले आणि लोंबते कानातले घरी ठेवावे, वेणी मागे बांधावी.

दोरी ओढताना अंगठा वापरायचा नाही, हे केंद्रावर पहिल्याच दिवशी सांगतात. तीन बोटे दोरीवर आणि अंगठा तळहाताशी दुमडलेला. हे ऐकून आपल्यापैकी कोणाला एकलव्याची आठवण येणार नाही? ज्याला शिकू दिले नाही त्याचा अंगठा घेतला. आज केंद्राचे दार उघडे आहे. तेव्हा परवडत नाही म्हणून किंवा लोक काय म्हणतील म्हणून आपणच ते आपल्या बाईला लावून घेऊ नये.

जुने धनुष्य मिळाले तर जरूर पाहा, त्यात पैसे वाचतात. पात्यांवर चीर किंवा थर सुटलेला नसावा. दोरी चढवून मागून पाहिले असता ती दोन्ही पात्यांच्या बरोबर मधून जायला हवी. बाजूला जात असेल तर पाते पिळलेले आहे, घेऊ नये. दोरी मात्र नवीनच घालावी.

घरी आणल्यावर दोरी उतरवून धनुष्य आडवे ठेवावे. कोपऱ्यात उभे टेकवू नये. पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच नको, उन्हाळ्यातल्या तापाने पात्यांचा गोंद सुटतो. पावसाळ्यात कोरड्या फडक्याने पुसून ठेवावे. चाळीच्या गल्लीत किंवा गच्चीवर बाण सोडू नये. हलक्या धनुष्याचाही बाण शेकडो फूट जातो आणि रस्त्यात कोण येईल सांगता येत नाही. नेम मैदानावर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच मारावा.

ताई, भिशी लागायला अजून अवकाश असेल तर घाई करू नका. पुढचे सहा रविवार केंद्राच्याच धनुष्यावर काढा आणि वहीत पाच गोष्टी लिहून ठेवा. आपली ओढ किती इंच. जोराचा डोळा कोणता. केंद्रावरचे धनुष्य किती पौंडांचे. किती बाणांनंतर खांदा थकतो. आणि किती अंतरावर बाण नेमाजवळ बसतात. ही वही घेऊन दुकानात जा. दुकानदाराने जड धनुष्य पुढे केले तर वही दाखवा. घरच्यांनी पुन्हा मुलाचे नाव काढले तर त्यांनाही हाच हिशोब वाचून दाखवा. पैसे तुमच्या भिशीचे आहेत, खांदा तुमचा आहे. माप दुसऱ्याचे कशाला?